या रमाबाई कोणत्या, हे शाहू कोणते? एकाच नावाच्या ऐतिहासिक व्यक्ती वेगळ्या ओळखण्याची रीत

मराठी इतिहासावर लेख, शाळेचा प्रकल्प, विकिपीडियावरचे पान किंवा घराण्याची वंशावळ असे काहीही लिहायला घेतले की पहिली ठेच नावांपाशी लागते. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, दत्तक आलेल्या मुलाचे नाव बदलायचे आणि लग्न होऊन आलेल्या मुलीचेही नाव बदलायचे, या तिन्ही चाली आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. त्यामुळे एकेका नावाच्या चार-चार, पाच-पाच व्यक्ती इतिहासात सापडतात आणि एकीचे काम दुसरीच्या नावावर सहज जमा होते. ही चूक एकदा छापली गेली की तिच्यावरून पुढची दहा ठिकाणे उतरवून घेतात. म्हणून वाक्य लिहिण्याआधीच माणूस पक्का करावा.

त्यासाठी नाव बाजूला ठेवून चार गोष्टी शोधा: कोणाचा मुलगा (किंवा कोणाची मुलगी, कोणाची पत्नी), कुठल्या गादीचा किंवा गावचा, कोणत्या वर्षांतला आणि लोक त्याला काय म्हणत. यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय मजकूर कोणाच्याही नावावर टाकू नका. पुरुषांच्या बाबतीत सर्वांत भरवशाचे वडिलांचे नाव आणि सर्वांत कच्चे टोपणनाव.

टोपणनाव कच्चे का, ते ‘नाना’ या एका हाकेवरून कळेल. नानासाहेब पेशवे (1720–1761) म्हणजे बाळाजी बाजीराव. नाना फडणवीस (1742–1800) म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. 1857 च्या उठावातले नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. पहिल्या दोघांचे टोपणनावही एक आणि मूळ नावही एकच, बाळाजी. त्यात नानासाहेबांचे आजोबा, पहिले भट पेशवे, तेही बाळाजीच: बाळाजी विश्वनाथ. इथे ‘विश्वनाथ’, ‘बाजीराव’ आणि ‘जनार्दन’ हे मधले शब्दच काय ते तिघांना वेगळे करतात. टिपण काढताना मधले नाव गाळण्याची सवय असेल तर ती आधी मोडा.

पेशव्यांच्या कागदांत हे मधले नाव बहुधा मिळतेच, कारण ते शिक्क्यातच असते. पहिल्या बाजीरावांच्या शिक्क्यात ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ असा मजकूर आहे. बल्लाळ म्हणजे बाळाजी, वडिलांचे नाव. दुसरे बाजीराव राघोबादादांचे, म्हणजे रघुनाथरावांचे पुत्र, म्हणून ते बाजीराव रघुनाथ. थोरले माधवराव हे माधवराव बल्लाळ आणि सवाई माधवराव हे माधवराव नारायण. एक सापळा लक्षात ठेवा. ‘बल्लाळ’ पहिल्या बाजीरावांनाही लागतो आणि थोरल्या माधवरावांनाही, कारण दोघांचेही वडील बाळाजी, पण ते दोन वेगळे बाळाजी. म्हणून नुसते ‘बल्लाळ’ वाचून थांबू नका, आधीचे नाव आणि वर छत्रपती कोण आहेत तेही वाचा.

छत्रपतींच्या नावातही असाच धोका आहे. माधवरावांच्या शिक्क्यात ‘राजा राम’ दिसला की नवख्या वाचकाला शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम आठवतात. पण ते मार्च 1700 मध्ये सिंहगडावर वारले होते. शिक्क्यातले ‘राजा राम’ म्हणजे शाहूंनंतर साताऱ्याच्या गादीवर आलेले रामराजा, ज्यांची कारकीर्द 1777 पर्यंत चालली.

आता गादी. भोसल्यांची सातारा आणि कोल्हापूर ही दोन घराणी वेगळी झाली आणि दोन्हीकडे तीच नावे फिरत राहिली. सर्वांत जास्त घोळ शाहू या नावाचा. साताऱ्याचे थोरले शाहू (1682–1749) हे संभाजी महाराज आणि येसूबाईंचे पुत्र, 1689 मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेलेले आणि 1707 मध्ये सुटून आलेले. त्यांचे जन्मनाव शिवाजी, हेही टिपून ठेवा. साताऱ्याचे दुसरे शाहू 1777 ते 1808 या काळातले. आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (1874–1922), ज्यांनी 1902 मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही शहरांत शाहूपुरी आहे, तेव्हा पत्त्यावरून व्यक्ती ठरवू नका.

राजर्षींच्या बाबतीत वडिलांच्या नावाची कसोटीही जपून वापरावी लागते. ते जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे, जयसिंगराव घाटग्यांचे पुत्र. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू झाले. दत्तक आलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या टिपणात जन्मदाते आणि दत्तक घेणारे अशी दोन्ही नावे आणि दत्तकविधानाचे वर्ष हवे. त्या वर्षाच्या आधीच्या कागदात ‘शाहू’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, तिथे ‘यशवंतराव’ शोधायचे.

‘पहिले’, ‘दुसरे’, ‘तिसरे’ या क्रमांकांवर फार विसंबू नका. हयातीत कोणी स्वतःला ‘पहिला’ म्हणवून घेत नाही. क्रमांक पुढच्या लोकांनी सोयीसाठी लावले आणि मोजणी कुठून सुरू केली त्यावर ते बदलतात. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी नावाचे एकाहून अधिक राजे झाले: ताराबाईंचे पुत्र (1714 पर्यंत), कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंनी दत्तक घेतलेले (1762–1813), बाबासाहेब (1838–1866), 1883 मध्ये अहमदनगरला वारलेले आणि 1940 च्या दशकात अगदी बालपणी गेलेले. यादीत थोरल्या शिवाजी महाराजांना धरले तर प्रत्येकाचा क्रमांक एकाने पुढे सरकतो, न धरल्यास मागे येतो. म्हणून ‘शिवाजी तिसरे’ लिहिण्यापेक्षा ‘कोल्हापूरचे शिवाजी (1762–1813)’ लिहावे. वाचक कुठल्याही यादीतून आला तरी चुकत नाही.

राजाराम नावाचीही हीच गत. कोल्हापूरचे एक राजाराम 1870 मध्ये युरोपच्या प्रवासात इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले. अर्नो नदीकाठी त्यांचे स्मारक आजही आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला त्यांचे नाव आहे. 1922 ते 1940 या काळातले राजाराम हे राजर्षी शाहूंचे पुत्र. कॉलेज 1880 चे, म्हणजे या दुसऱ्या राजारामांच्या जन्माआधीचे. संस्थेच्या नावावरून व्यक्ती ठरवताना स्थापनेचे वर्ष आधी पाहावे, ते असे.

वर्ष जुळवणे

वर्ष कोणत्या कालगणनेतले आहे ते न पाहता जुळवले तर एका माणसाचे दोन होतात. शके असेल तर 78 मिळवा. पौष ते फाल्गुन या महिन्यांत इंग्रजी वर्ष बदलून गेलेले असते, तेव्हा बहुधा 79. पानिपतची तिथी पौष शुद्ध 8, शके 1682. 79 मिळवले की 1761 येते आणि तारीख 14 जानेवारी. पेशवे दप्तरात सुहूर सन (त्या काळी कारभारात चालणारी कालगणना) अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे उलट्या क्रमाने वाचायचे: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1161. हे वर्ष मृगाला, उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होते. तिथपासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपत जानेवारीतले, म्हणून 1161 अधिक 600, पुन्हा 1761. दोन्ही वाटांनी एकच वर्ष आले की हिशेब बरोबर.

इंग्रज वखारींच्या कागदांत 1752 पर्यंत जुनी कालगणना आहे. ती नव्या कालगणनेच्या 1700 पर्यंत 10 आणि नंतर 11 दिवस मागे असते. शिवाय त्यांचे वर्ष 25 मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या घटनेवर आदल्या वर्षाचा आकडा दिसतो. एवढ्या फरकावरून ‘ही दुसरीच व्यक्ती’ असा निष्कर्ष काढू नका.

वर्ष कळले तरी गाव आणि नाव मिळून फसवू शकतात. ‘बाजीराव’ आणि ‘वसई’ एकत्र शोधून पाहा. 1739 मध्ये पहिल्या बाजीरावांच्या काळात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईलाच इंग्रजांशी तह केला. शिवाय चिमाजी अप्पाही दोन आहेत. एक पहिल्या बाजीरावांचे भाऊ, दुसरे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ. अशा जागी तारखेशिवाय एक ओळही पुढे जाऊ नये.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे एकाच वेळी हयात असलेले नामसाधर्म्याचे लोक. 1790 च्या पत्रात ‘माधवराव’ आले तर ते पुण्यातले सवाई माधवराव असतील किंवा उत्तरेतले माधवराव शिंदे, म्हणजे महादजी. इथे वर्ष उपयोगी पडत नाही. पत्र कुठून निघाले, कोणाला गेले आणि मायना कसा आहे, यावरून ठरवावे लागते. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री पंडित (1827–1876) विधवाविवाहासाठी झटत होते, आणि ते हयात असतानाच 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली. दोघांची मते सुधारणांच्या प्रश्नावर एकमेकांपासून फार दूर होती. ‘विष्णुशास्त्री म्हणतात’ एवढ्यावर उद्धृत केले तर माणसाच्या तोंडी त्याच्या मताच्या अगदी उलटे वाक्य जाते. यांच्याबाबत आडनाव एकदाही गाळू नका.

आद्याक्षरांचा धोका वेगळा आणि तोही खराच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे म्हणजे विश्वनाथ काशिनाथ. निरुक्ताचे (वैदिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या ग्रंथाचे) अभ्यासक वै. का. राजवाडे म्हणजे वैजनाथ काशिनाथ. इंग्रजी सूचीत दोघेही ‘व्ही. के. राजवाडे’ होतात. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे आणि वि. न. भावे म्हणजे विनोबा, यांच्यात फक्त एका अक्षराचे अंतर. इंग्रजी सूचीतून मराठीत नाव आणताना आद्याक्षर उलगडून पूर्ण नाव लिहा आणि ग्रंथाचा विषय जुळतो का ते पाहा.

स्त्रियांची नावे

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण इथे अन्याय जास्त होतो. वडिलांच्या नावाची कसोटी बहुधा चालत नाही, कागदात माहेरचे नाव क्वचितच असते. त्याऐवजी तीन खाने करा: जन्मनाव, लग्नानंतरचे नाव, आणि ज्या नावाने काम ओळखले जाते ते नाव.

रमाबाई घ्या. थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई 1772 मध्ये थेऊरला सती गेल्या. पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले. रमाबाई रानडे (मृत्यू 1924) या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, पुण्याच्या सेवासदनाशी जोडलेल्या. रमाबाई आंबेडकर 1935 मध्ये गेल्या. पहिली आणि चौथी सहज सुटतात. मधल्या दोघी मात्र एकाच पुण्यात, एकाच काळात, स्त्रीशिक्षणाच्या एकाच कामात होत्या, आणि रमाबाई रानडे आर्य महिला समाजातही जात असत. म्हणून ‘रमाबाईंनी पुण्यात स्त्रियांसाठी संस्था काढली’ हे वाक्य निकामी आहे. संस्थेचे नाव आणि वर्ष मागा. 1882 आणि आर्य महिला समाज असेल तर पंडिता. 1909 आणि सेवासदन असेल तर रानडे. शारदा सदन आणि सेवासदन ही नावे घाईत एकमेकांच्या जागी पडतात, तिथे नजर ठेवा.

आनंदीबाईही अशाच. राघोबादादांच्या पत्नी, डॉ. आनंदीबाई जोशी (1865–1887) आणि महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. कर्वेबाई माहेरच्या गोदूबाई. शारदा सदनाच्या सुरुवातीच्या नोंदींत त्या गोदूबाई म्हणूनच शोधाव्या लागतात. डॉ. जोशी आणि रमाबाई रानडे दोघींचेही जन्मनाव यमुना, तेव्हा जन्मनावही एकटे पुरत नाही.

संतांच्या रचनांत ही अडचण नाममुद्रेपाशी, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या नावापाशी येते. संत नामदेव (1270–1350) आणि सोळाव्या शतकातले विष्णुदास नामा यांचे अभंग गाथांमध्ये मिसळले आहेत. मुद्रेवरून निवाडा करू नका. अभंगात नंतरच्या काळातल्या व्यक्तीचा उल्लेख आहे का, भाषा कोणत्या वळणाची आहे आणि जुन्या हस्तलिखितात तो आहे का, हे पाहा.

टिपण असे ठेवा

प्रत्येक व्यक्तीला एक कार्ड किंवा तक्त्याची एक ओळ द्या. पूर्ण नाव मधल्या नावासह, जन्मनाव, दत्तक असल्यास दोन्ही वडील, घराणे व ठिकाण, जन्म-मृत्यू, पदाचा काळ, टोपणनावे. शेवटचा खाना सर्वांत उपयोगी: ‘यांच्याशी घोळ होतो’. त्यात त्याच नावाच्या इतर व्यक्ती लिहा आणि समोरच्या कार्डावरही उलट नोंद करा. लेखात पहिल्यांदा नाव येईल तिथे ठिकाण आणि वर्षे द्या, पुढे लहान नाव चालेल. त्याच लेखात दुसरी समनाम व्यक्ती आली तर दोघांनाही शेवटपर्यंत पूर्ण नावानेच लिहा.

चित्र लावण्याआधी वर्ष पाहा. छायाचित्रणाची कला 1839 मध्ये जाहीर झाली. थोरल्या शाहूंचे ‘छायाचित्र’ म्हणून काही मिळाले तर ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे. राजर्षींची छायाचित्रे मात्र आहेत.

आणि चारही गोष्टी तपासून निर्णय होत नसेल तर अंदाजाने नाव भरू नका. कागदात जेवढे आहे तेवढेच उतरवा आणि पुढे ‘कोणते माधवराव ते या पत्रावरून ठरत नाही’ असे स्पष्ट लिहा. पुढे दुसरा कागद मिळेल तेव्हा ही जागा कोणालाही लगेच सापडेल.