क्लस्टरची धडक एक्स-रे आणि रेडिओत घरी बसून कशी बघायची

गॅलेक्सी क्लस्टर म्हणजे शेकडो गॅलेक्सी आणि त्यांच्यामधला तापलेला गॅस यांचा घोळका. अशा क्लस्टरची धडक म्हटलं की सगळे आधी बुलेट क्लस्टर उघडतात. मीपण तेच केलं, एक्स-रे झकास दिसला, शॉकचा (धडकेने गॅसमध्ये उठलेल्या लाटेचा) बाक अगदी स्पष्ट, आणि रेडिओ शोधायला गेलो तर हाती भोपळा, कारण तो आकाशात उणे ५६ अंश डेक्लिनेशनवर, म्हणजे खूप दक्षिणेला आहे आणि फुकट मिळणारा एनव्हीएसएस हा आकाशाचा रेडिओ सर्व्हे उणे ४० च्या खाली जातच नाही. म्हणून तुम्ही सुरुवात एबेल २७४४ पासून करा. हा उणे ३० वर, रेडशिफ्ट (अंतराचं माप) ०.३०८, आत बरेच तुकडे एकमेकांत घुसलेत, रेडिओ हेलो (मधला पसरट गोळा) आहे आणि रेलिकपण (बाहेरची पट्टी).

सॉफ्टवेअर दोनच लागतात, चाओ (चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीचा डेटा हाताळायला) आणि डीएस९ (इमेज बघायला). चाओ लिनक्स आणि मॅकवर चालतं, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकायचं. चंद्रा दुर्बिणीने या क्लस्टरकडे प्रचंड वेळ बघितलंय, त्यामुळे अर्काइव्हमधलं सगळं उतरवत बसू नका, २५ ते ४५ हजार सेकंदांचं एखादं ऑब्झर्वेशन पुरे. आधी चाओची चंद्रा-रिप्रो कमांड चालवा (डेटा नव्याने तयार करते), मग फ्लक्सइमेज (इमेज बनवते), एनर्जी ०.५ ते ७ केईव्ही (एक्स-रेच्या ऊर्जेचं एकक), बिनिंग ४ (४ बाय ४ पिक्सेल एकत्र), म्हणजे एक पिक्सेल साधारण २ आर्कसेकंदाचा होतो.

फ्लक्सइमेज कंटाळा करून टाळू नका! मी एकदा कच्च्या इमेजमध्ये एक सरळ धारदार रेघ बघून शॉक सापडला म्हणून नाचलो होतो, ती निघाली कॅमेऱ्याच्या दोन चिपमधली फट. फ्लक्सइमेज एक्स्पोजर मॅपने (कुठे किती एक्स्पोजर मिळालं त्याच्या नकाशाने) भागतं, मग असली भुतं बरीच पळतात. तरी रेघ एकदम सरळ असेल तर संशय घ्याच, गॅसच्या कडा बहुतेक वळलेल्या असतात.

आता डीएस९ मध्ये स्केल लॉग करा, थोडं स्मूदिंग द्या. दुसऱ्या फ्रेममध्ये इमेज सर्व्हरमधून एनव्हीएसएस आणा, फ्रेम डब्ल्यूसीएसने (आकाशातल्या कोऑर्डिनेटने) जुळवा, रेडिओवर काँटूर (सारख्या उजेडाच्या रेघा) काढा आणि ते कॉपी करून एक्स-रेवर पेस्ट करा. एनव्हीएसएसचा नॉइज ०.४५ मिलीजान्स्की (रेडिओ उजेडाचं एकक) प्रति बीमच्या (सर्व्हेत दिसणाऱ्या सर्वांत लहान ठिपक्याच्या) आसपास असतो, तेव्हा पहिला काँटूर त्याच्या तिप्पट, १.३५ ला, त्याखाली गेलात की सगळीकडे बेटंच बेटं दिसतील.

मधोमध एक्स-रेच्या गॅसवरच पसरलेला गोळा म्हणजे हेलो, धडकेने गॅस घुसळला जातो त्यातून येतो. मध्यापासून ईशान्येला पाच-सहा आर्कमिनिट अंतरावर जी पट्टी आहे ती रेलिक, शॉकची खूण. पण तिच्याखाली एक्स-रेत कड दिसेल अशी आशा ठेवू नका. एक्स-रेचा उजेड गॅसच्या घनतेच्या वर्गाने बदलतो, बाहेर गॅस इतका विरळ की तिथला शॉक पकडायला एक्सएमएम-न्यूटनसारखी मोठी दुर्बीण लागली. आणखी एक घोळ, एनव्हीएसएसचा बीम ४५ आर्कसेकंदाचा, या अंतरावर २०० किलोपारसेक, म्हणजे सुमारे साडेसहा लाख प्रकाशवर्षं! दोन-तीन साध्या रेडिओ गॅलेक्सी मिळून हेलोचं सोंग सहज घेतात, म्हणून ऑप्टिकल इमेजपण लावून बघा.

एक्स-रेत आतल्या बाजूला कड दिसलीच तर लगेच शॉक म्हणू नका, कोल्ड फ्रंटपण (थंड आणि गरम गॅसमधली सीमा) तशीच दिसते. कडेच्या दोन्ही बाजूंचा स्पेक्ट्रम काढून तापमान बघा. उजळ बाजू जास्त गरम तर शॉक, थंड तर कोल्ड फ्रंट, तिथे दाब दोन्हीकडे जवळपास सारखाच राहतो. यासाठी प्रत्येक बाजूला निदान हजारभर फोटॉन तरी हवेत, कमी असतील तर तापमानाचा आकडा निघेल पण एरर बार त्याच्याएवढाच असेल.

आणि रेडिओ जर एक्स-रेमधल्या खड्ड्यात बरोब्बर बसलेला दिसला, पर्सियस क्लस्टरमध्ये मधल्या एनजीसी १२७५ गॅलेक्सीभोवती दिसतो तसा, तर त्याचा धडकेशी संबंध नाही, ते मधल्या ब्लॅक होलच्या जेटने फुगवलेले बुडबुडे आहेत.