‘प्रेझेंटली’ म्हणजे आत्ता की जरा वेळाने? एका इंग्रजी क्रियाविशेषणाच्या अर्थांचा माग कसा काढावा

इंग्लंडमधला एखादा वयस्क गृहस्थ ‘मी प्रेझेंटली येतो’ असे म्हणाला, तर तो थोड्या वेळाने येणार असतो. आपल्याकडचा उमेदवार बायोडेटामध्ये ‘मी प्रेझेंटली अमुक ठिकाणी काम करतो’ असे लिहितो, तेव्हा तो सध्या तिथे नोकरीत असतो. चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये हाच शब्द कोणी उच्चारला असता, तर ऐकणाऱ्याने बहुधा ‘ताबडतोब’ असा अर्थ घेतला असता. एका शब्दाचे हे तीन अर्थ कोणत्या क्रमाने आले आणि एकातून दुसरा कसा निघाला, हे शोधण्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, इंटरनेटची जोडणी आणि चार-पाच मोकळ्या संध्याकाळी एवढी सामग्री पुरते. पुढे दिलेली पद्धत इतर शब्दांनाही लागू पडते, परंतु ती समजून घेण्यासाठी ‘प्रेझेंटली’सारखा सोयीचा नमुना दुसरा क्वचितच मिळेल.

पहिली पायरी : आजचा वापर आधी नोंदवावा

शब्दकोश उघडण्याचा मोह सुरुवातीला आवरावा. वर्तमानपत्रे, कार्यालयीन पत्रे, कथा-कादंबऱ्या अशा निरनिराळ्या ठिकाणांहून हा शब्द असलेली दहा-बारा वाक्ये वहीत उतरवावीत आणि प्रत्येक वाक्यात त्याच्या जागी ‘सध्या’, ‘थोड्या वेळाने’ आणि ‘ताबडतोब’ हे तीन मराठी शब्द आळीपाळीने ठेवून पाहावेत. मराठी वाचकाला येथे एक फायदा आहे. इंग्रजी वाचणारा संदिग्ध शब्दावरून डोळा फिरवून पुढे जाऊ शकतो, पण मराठीत आणताना आपल्याला एक शब्द निवडावाच लागतो. जिथे निवड सहज होते, तिथे अर्थ स्पष्ट आहे. जिथे दोन मराठी शब्द सारखेच चपखल बसतात, त्या वाक्यापुढे वहीत खूण करावी, कारण शोध पुढे याच खुणांवर चालणार आहे.

याच वेळी क्रियापदाचा काळही टिपावा. चालू वर्तमानकाळासोबत हा शब्द आला की अर्थ बहुधा ‘सध्या’ असतो. भविष्यकाळ किंवा आज्ञार्थ असला की ‘लवकरच’ किंवा ‘ताबडतोब’ यांपैकी एक असतो. ‘प्रेझेंटली दार उघडले’ अशा भूतकाळी निवेदनात ‘थोड्या वेळाने’ हाच अर्थ आजचा वाचक घेतो.

दुसरी पायरी : शब्दाची फोड करावी

‘प्रेझेंट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्यामागे समोर असणे, हजर असणे या अर्थाचे लॅटिन रूप आहे. त्यातील ‘असणे’ दाखवणारा लॅटिन धातू ‘एस्से’ आणि संस्कृतातील ‘अस्ति’चा ‘अस्’ हे एकाच मूळ भाषेतील धातूपासून आलेले आहेत. ‘ली’ हा प्रत्यय मात्र अस्सल इंग्रजी असून, जुन्या इंग्रजीत ‘देह’ या अर्थाच्या ‘लीक’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. म्हणजे घटकांवरून निघणारा अर्थ ‘समोर असल्याप्रमाणे, हजर क्षणी’ असा काहीसा होतो.

मात्र व्युत्पत्ती सापडली की खरा अर्थ सापडला, असे मानणे चुकीचे आहे. व्युत्पत्ती शब्द कोठून निघाला ते सांगते, तो कोठे पोहोचला ते सांगत नाही. ‘मुळात अर्थ हजर क्षण असा आहे, म्हणून सध्या हाच अर्थ शुद्ध’ असा युक्तिवाद कोणी केला, तर त्यावर वेळ दवडू नये.

तिसरी पायरी : ऐतिहासिक शब्दकोश वाचावा, आणि नीट वाचावा

विद्यार्थ्यांसाठीचे कोश सहसा प्रचलित अर्थ आधी देतात. आपल्याला काळाच्या क्रमाने अर्थ मांडणारा कोश हवा. असा सर्वांत मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली त्याची कल्पना पुढे आली, जेम्स मरे १८७९ मध्ये त्याचे संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ साल उजाडले. सामान्य वाचकांनी जुनी पुस्तके वाचून, त्यांतील वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून पाठवायची, आणि संपादकांनी त्या चिठ्ठ्यांवरून अर्थांचा क्रम लावायचा, अशी ही पद्धत होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्तीही १८५७ चीच आहे. हा निव्वळ योगायोग असला, तरी कोशांवर प्रेम असणाऱ्याने तो लक्षात ठेवावा असा आहे.

ऑक्सफर्डच्या कोशाला ऑनलाइन वर्गणी लागते, परंतु काही ग्रंथालयांतून तो पाहता येतो. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश ऑनलाइन विनामूल्य आहे. या साधनांवरून जो आराखडा हाती येतो, तो असा : चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून हा शब्द सापडू लागतो, आरंभीच्या काळात तो ‘या वेळी’ आणि ‘ताबडतोब’ या अंगाने वापरला जातो, सोळाव्या शतकात ‘ताबडतोब’ सैल होऊन ‘लवकरच, थोड्या वेळाने’ असा अर्थ दिसू लागतो.

कोशातील पहिले अवतरण ही शब्दाची जन्मतारीख नसते, ती फक्त आजवर सापडलेली सर्वांत जुनी लेखी खूण असते. लोक तो अर्थ बोलण्यात त्याआधी वापरत असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून वहीत ‘सुरू झाला’ असे न लिहिता ‘दिसू लागतो’ असे लिहावे.

चौथी पायरी : मूळ वाक्ये त्यांच्या प्रसंगासह वाचावीत

कोशातील तारखा कुंपणाच्या खुंटांसारख्या आहेत; मधली जमीन आपल्यालाच पायाखाली घालावी लागते. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकाचा १६११ साली राजदरबारात प्रयोग झाल्याची नोंद आहे. त्याच्या चौथ्या अंकात प्रॉस्पेरो आपल्या सेवेतील एरिअल या अदृश्य शक्तीला सोबत्यांना घेऊन येण्यास फर्मावतो. एरिअल एकाच शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’ प्रॉस्पेरोचे उत्तर असे की, हो, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. त्यावर एरिअल सांगतो की, तुम्ही ‘ये’ आणि ‘जा’ म्हणायच्या आत, दोनदा श्वास घ्यायच्या आत आम्ही येऊ. येथे ‘थोड्या वेळाने’ हा अर्थ लावला तर संवादच कोसळतो. शब्दाचा अर्थ शेजारच्या ओळी बांधून देतात, तो असा. त्यामुळे एकटे वाक्य उतरवून न घेता पुढच्या-मागच्या दोन-तीन ओळीही उतरवाव्यात.

पाचवी पायरी : भाषांतरांना साक्षीला बोलवावे

माझ्या मते ही सर्वांत फलदायी पायरी आहे आणि हौशी अभ्यासक नेमकी हीच गाळतात. भाषांतरात मूळ शब्द ठाऊक असतो, त्यामुळे भाषांतरकाराने इंग्रजी शब्द कोणत्या अर्थाने वापरला याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही.

राजा जेम्सच्या आश्रयाने झालेले बायबलचे इंग्रजी भाषांतरही १६११ चेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशूच्या शब्दांनी अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळून गेल्याचे सांगितले आहे. मूळ ग्रीकमधील ‘पाराख्रेमा’ या शब्दाचा अर्थ ‘तत्क्षणी’ असा असल्याने शंकेला जागा उरत नाही. मार्कच्या सहाव्या अध्यायात हेरोदियाची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागते, तेव्हा त्याच भाषांतरकारांनी तिच्या तोंडी ‘बाय अँड बाय’ असे शब्द घातले आहेत. आजच्या इंग्रजी वाचकाला ती ‘सवडीने दिले तरी चालेल’ असे म्हणते आहे असा भास होतो! मूळ ग्रीक शब्द ‘एक्साउटेस’, म्हणजे ‘याच घटकेला’, असा आहे. हाच ग्रीक शब्द फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येतो आणि तिथे त्याच भाषांतरात त्यासाठी ‘प्रेझेंटली’ योजलेला आहे. एका ग्रीक शब्दासाठी दोन इंग्रजी शब्द, दोघांचाही अर्थ तेव्हा ‘ताबडतोब’, आणि पुढे दोघेही ढिले पडलेले. याहून स्वच्छ पुरावा मिळणे अवघड आहे.

फिलिप्पैकरांच्या पत्रातील हे वाक्य जरा थांबून वाचावे. कैदेत असलेला पौल लिहितो की, माझे काय होते ते दिसताच तीमथ्याला ‘प्रेझेंटली’ पाठवण्याची मला आशा आहे. पहिल्या पायरीतली कसोटी येथे लावून पाहावी. ‘ताबडतोब पाठवीन’ बसते, कारण निकाल कळताक्षणी पाठवायचे आहे. ‘लवकरच पाठवीन’ हेही बसते, कारण निकाल अजून लागलेला नाही आणि तोवर तीमथ्य निघणार नाही. लिहिणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असला, तरी वाचणाऱ्याने दुसरा घेतल्यास वाक्य कुठेच अडत नाही. अर्थ बदलतो तो अशाच वाक्यांतून. अशी शेकडो वाक्ये ऐकत मोठे झालेले मूल ‘लवकरच’ हाच अर्थ मनात पक्का करते आणि पुढे तो अशा ठिकाणीही वापरते, जिथे ‘ताबडतोब’ बसूच शकत नाही.

यानंतर इंग्लंडमध्ये झालेली बायबलची सुधारित आवृत्ती काढावी. तिचा नवा करार १८८१ साली प्रसिद्ध झाला. तिथे अंजिराच्या झाडासाठी ‘इमिजिएटली’, तर मार्क आणि फिलिप्पैकर या दोन्ही ठिकाणी ‘फोर्थविथ’ असे शब्द आले आहेत. जुने शब्द आता वाचकाची दिशाभूल करतात असे सुधारकांना वाटल्याशिवाय हा बदल झाला नसता. एक सावधगिरी मात्र बाळगावी. १६११ च्या भाषांतरकारांनी आधीच्या शतकातील इंग्रजी भाषांतरांवर बराच भार ठेवला होता, त्यामुळे त्यांची भाषा त्यांच्या काळाच्या बोलीपेक्षा थोडी जुनी धरावी.

सहावी पायरी : शब्दाचे भाऊबंद तपासावेत

‘सून’ या साध्या शब्दाचे जुन्या इंग्रजीतील रूप ‘सोना’ असे होते आणि त्याचा अर्थ ‘तत्काळ’ होता. ‘अनॉन’ हा ‘एकात’ अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून झाला, तोही आधी ‘तत्क्षणी’ आणि मग ‘थोड्या वेळाने’. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात युवराज आणि त्याचा मित्र पानगृहातील फ्रान्सिस नावाच्या पोऱ्याला दोन बाजूंनी हाका मारून भंडावून सोडतात. तो प्रत्येक हाकेला ‘अनॉन, अनॉन, सर’ असे ओरडत राहतो आणि येत मात्र नाही. अर्थ कसा झिजतो, हे त्या प्रवेशात रंगमंचावर दिसते. शब्द तत्परतेचे वचन देतो, माणूस उशीर करतो, आणि ऐकणारे हळूहळू शब्दाचीच किंमत कमी करून घेतात. घरातून अजून निघालेलाही नसताना फोनवर ‘हा काय, आलोच’ म्हणणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या ‘एवढ्यात’कडेही या निमित्ताने पाहावे. ‘एवढ्यात दार वाजले’, ‘एवढ्यात निघू नकोस’ आणि ‘तो एवढ्यात दिसला नाही’ या तीन वाक्यांत तो अनुक्रमे त्याच क्षणाकडे, पुढच्या थोड्या काळाकडे आणि मागच्या थोड्या काळाकडे बोट दाखवतो. काळ दाखवणारे शब्द एका जागी टिकत नाहीत, ते असे.

सातवी पायरी : दुसरी फांदी विसरू नये

‘सध्या’ हा अर्थ अमेरिकनांनी किंवा भारतीय कारकुनांनी केलेली अलीकडची चूक आहे, असे सांगणारे लोक भेटतात. कोश काही वेगळेच सांगतो. हा अर्थ पंधराव्या शतकापासून आहे. सतराव्या शतकानंतर इंग्लंडमधील साहित्यिक गद्यात तो मागे पडला, पण स्कॉटलंडमध्ये आणि प्रादेशिक बोलींत चालत राहिला, आणि विसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा वर आला. म्हणजे टीकाकार ज्याला नवा बिघाड म्हणतात, तो ‘थोड्या वेळाने’ या त्यांच्या लाडक्या अर्थापेक्षा जुना आहे. अर्थात जुना म्हणून तो श्रेष्ठ ठरत नाही. दुसऱ्या पायरीतला इशारा दोन्ही पक्षांना लागू आहे. व्यवहारात, वाचणारा ब्रिटिश असेल तर बायोडेटात ‘करंटली’ किंवा नुसते ‘नाऊ’ लिहिणे सोयीचे.

मराठीपुरती एक जोड येथे देता येते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा आहे. त्यात या शब्दासमोर कोणते मराठी शब्द दिले आहेत ते पाहून वहीत लिहावे आणि आजच्या एखाद्या इंग्रजी-मराठी कोशातील शब्दांशी ते ताडून पाहावेत.

आठवी पायरी : आलेखावर विसंबण्यापूर्वी

गुगल बुक्सचा एनग्रॅम व्ह्यूअर शब्द कोणत्या दशकात किती वापरला गेला याचा आलेख काढून देतो. तो शब्द मोजतो, अर्थ मोजत नाही. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्रजी छपाईत शब्दाच्या मध्ये येणारा ‘एस’ लांब दांड्याचा असे आणि तो ‘एफ’सारखा दिसे. यंत्राने वाचताना आपला शब्द पुष्कळदा ‘प्रेफेंटली’ होऊन बसतो. जुन्या ग्रंथांत शोध घेताना हे चुकीचे रूपही शोधावे, तसेच शेवटी ‘आय-ई’ असलेली जुनी वर्तनीही शोधावी. मग प्रत्येक अर्धशतकातील वीस-पंचवीस वाक्ये काढून ती तीन मराठी शब्दांच्या तीन रकान्यांत वाटावीत, आणि चौथा रकाना दोन्हीकडे बसणाऱ्या वाक्यांसाठी ठेवावा. बहुतेक वाक्ये पहिल्या तीन रकान्यांत पटापट पडतील. वेळ द्यायचा तो चौथ्याला.

हात बसल्यावर पुढचा शब्द म्हणून ‘डायरेक्टली’ घ्यावा. तोही ‘थेट, तत्काळ’ असाच निघाला होता, आणि कॉर्नवॉलमध्ये त्याचे ‘ड्रेकली’ झाले आहे. तिथला सुतार ‘ड्रेकली येतो’ म्हणाला, तर तो आज येईल असे कोणी धरून चालत नाही.