मुंबईतील स्थानिक केबलचालकाने कायद्याची बाजू कशी सांभाळावी

1995च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायद्यानुसार नोंदणीशिवाय केबलचा व्यवसाय करता येत नाही. पूर्वी ही नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात दरवर्षी होत असे. जानेवारी 2025पासून मात्र ती माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर होते. तिची मुदत 5 वर्षांची, शुल्क 5,000 रुपये. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 90 दिवस आधी करायचा असल्याने ती तारीख वसुलीच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.

त्यानंतर एमएसओबरोबर, म्हणजे वाहिन्यांचे सिग्नल केबलचालकाला पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीबरोबर, लेखी करार करावा. तोंडी व्यवहार कितीही जुना असला, तरी महसुलाच्या वाटणीवरून वाद झाल्यास कागदच उपयोगी पडतो.

खरी जोखीम स्थानिक वाहिनीत असते. गणेशोत्सवात मंडळाची आरती दाखवल्यावर रात्री एखादा नवा चित्रपट लावला जातो. पण त्याचे हक्क आपल्याकडे नसतील तर कॉपीराइट कायद्याचा भंग होतो, आणि तो सर्वांनी पाहण्याजोगा नसेल तर कार्यक्रम संहितेचाही, म्हणजे केबलवर काय दाखवू नये याच्या केबल कायद्यातील नियमांचाही. पोलीस आयुक्त हे केबल कायद्याखालील प्राधिकृत अधिकारी आहेत, हे विसरू नये.

दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्या वगळता येत नाहीत. चाळीतल्या वृद्ध ग्राहकालाही प्रत्येक महिन्याची पावती द्यावी, कारण त्याच्याकडे हिशेब पडताळण्याचे दुसरे साधन नसते.