कासव सारखं उलटं पडायचं, त्यावर मी काय केलं

आम्ही इंग्लंडात लीड्सला राहतो, इथे हर्मन जातीचं कासव पाळलंय, रीतसर कागदपत्रांसकट. (भारतात स्टार कासव घरी ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तिकडे हा उद्योग करू नका.)

तर काचेच्या टँकमध्ये हे दिवसभर काचेवर पाय घासायचं, आणि एकदा ऑफिसातून आले तर साहेब ऊब देणाऱ्या दिव्याखाली पाठीवर, पाय हवेत, नशीब हलत तरी होते. असं तासन्‌तास राहिलं तर तापून मरतं हो!

त्याला काच कळतच नाही, पलीकडचं दिसतं म्हणून चढायला बघतं. आधी काचेला खालून वीतभर ब्राऊन पेपर लावला, दोन दिवसांत घासणं बंद. मग सरळ ४ बाय २ फुटांची उघडी लाकडी पेटीच केली. कोपऱ्यातला दगड काढला, त्यावरूनच कलंडायचं ते, दिव्याखाली सपाट फरशी टाकली, तिथे ३२-३५ डिग्री आणि दुसरं टोक गार. पाण्याला खोल वाटीऐवजी कुंडीखालची उथळ बशी. यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) पेटत असली तरी वर्षाने बदलते, उजेड तेवढाच दिसतो पण आतला जोर गेलेला असतो.

एक राहिलंच, माती उकरताना ते दिव्याची वायर ओढायचं, ती आता क्लिपने वर बांधलीय.