आपत्तीचा अलर्ट फोनवर वाजलाच पाहिजे: या चुका टाळा

माझं सोलापुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जुलै 2023 मध्ये एका सकाळी राज्यात अनेकांचे फोन भोंग्यासारखे कर्कश वाजले आणि स्क्रीनवर सरकारी चाचणीचा संदेश झळकला. दुपारपर्यंत काउंटरवर गर्दी. कुणी विचारतंय फोन हॅक झाला का, कुणी म्हणतंय व्हायरस शिरला. मोहोळकडच्या एका काकांनी फोन पुढे केला, "हे परत वाजू नये असं करून द्या." मी करून दिलं. आणखी बऱ्याच जणांना करून दिलं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी माढा-मोहोळच्या गावांत शिरलं, तेव्हा ते सगळे फोन मला आठवले. ते बटण मी बंद करायला नको होतं.

मागच्या दोन-तीन वर्षांत नियम बरेच बदललेत. दूरसंचार विभागाने एप्रिल 2023 मध्ये कंपन्यांना बजावलं, की सहा महिन्यांनंतर सेल ब्रॉडकास्टचा आपत्ती इशारा न घेणारा स्मार्टफोन किंवा साधा बटणाचा फोन बनवता वा विकता येणार नाही. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकदम सोडलेला संदेश. त्याला तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नेटपॅक संपला असला तरी तो येतो. पण नियम कंपनीला बांधतो. तुमच्या फोनमधलं बटण चालू ठेवणं तुमच्याच हातात आहे.

म्हणून आधी ते तपासा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग उघडून वरच्या शोधपट्टीत 'इमर्जन्सी अलर्ट' टाका. प्रत्येक कंपनीचा मेनू वेगळा असतो, त्यामुळे शोधणंच सोपं. तिथली सगळी बटणं चालू करा, चाचणी संदेशाचंसुद्धा. आयफोनमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत अगदी तळाशी सरकारी अलर्ट दिसतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा बटणाचा फोन मात्र हमखास राहून जातो. त्यात मेसेजच्या सेटिंगमध्ये 'सेल ब्रॉडकास्ट' किंवा 'ब्रॉडकास्ट मेसेज' असतं. पूर्वी त्यावर कंपन्यांचे फालतू संदेश यायचे, म्हणून लोकांनी ते बंद करून टाकलं आणि ते तसंच राहिलं.

दुसरी चूक पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांची. त्यांना वाटतं, अलर्ट आला की गावी फोन करू. अरे, तुझा फोन पुण्याच्या टॉवरवर आहे! मोहोळचा इशारा मोहोळच्या टॉवरवरून सुटतो, तो तुला येणारच नाही. त्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप घ्या आणि त्यात सोलापूर जिल्हा निवडा.

सीनाकाठी आणखी एक गल्लत चालते, ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. लोक उजनी धरणाचा विसर्ग बघत बसतात. उजनी भीमेवर आहे, तिचं पाणी पंढरपूरकडे जातं. सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात, तिच्यावरचं धरण सीना-कोळेगाव, आणि ती भीमेला मिळते ती पार खाली, हत्तरसंग कुडलला. वरच्या जिल्ह्यांत कोसळलं की सोलापुरात ऊन असतानाही सीना फुगते. आपल्या आभाळाकडे बघून किंवा उजनीचा आकडा वाचून 'काही होत नाही' म्हणू नका. सीनाकाठी असाल तर सीना-कोळेगावचा विसर्ग विचारा.

खऱ्या-खोट्याची पारख आता थोडी सोपी झालीय. 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एसएमएसचे नियम बदलले, तेव्हापासून सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आडवी रेघ आणि इंग्रजी 'जी' हे अक्षर येतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'आत्ताच आलेल्या' फोटोवर तारीख शोधा. दोन वर्षांपूर्वीचा पूर दर पावसाळ्यात नव्याने येतो. अलर्टच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला किंवा ॲपची फाईल पाठवली, तर ती फसवणूकच. शंका आली तर 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा.

फोन बंद असेल किंवा विमान मोडवर असेल, तर काहीच येणार नाही. पावसात लाईट आधी जाते, म्हणून ढग दाटले की फोन आणि पॉवर बँक दोन्ही भरून ठेवा.

हल्ली नदीकाठच्या गावातला फोन दुकानात आला, मग तो डिस्प्ले बदलायला आलेला का असेना, की परत देण्याआधी मी ते बटण बघतो. मोहोळचे ते काका गेल्या महिन्यात चार्जिंगची पिन बदलायला आले होते. त्यांच्या देखत चालू केलं आणि सांगितलं, "काका, हे वाजलं की बंद करायचं नाही. आधी वाचायचं, मग गोठ्यातली जनावरं सोडायची."