वाड्यावरील अतिगरीब घरांची यादी कशी करावी

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील पहिले उद्दिष्ट २०३० पर्यंत आत्यंतिक दारिद्र्य सर्वत्र आणि सर्वांसाठी संपवण्याचे आहे. त्याआधी २००० साली ठरलेले उद्दिष्ट आत्यंतिक दारिद्र्यातील लोकांचे प्रमाण १९९० च्या तुलनेत निम्म्यावर आणण्याचे होते आणि ते २०१० मध्ये, मुदतीच्या पाच वर्षे आधी, गाठले गेले. निम्मे करताना दारिद्र्यरेषेला लागून असलेली माणसे थोडी वर आली तरी आकडा उतरतो. शून्य करायचे तर सर्वांत तळाच्या माणसाचे नाव, घर आणि अडचण ठाऊक असावी लागते. गोव्यात हा भेद विशेष जाणवतो. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार येथील बहुआयामी दारिद्र्य, म्हणजे पोषण, शिक्षण, घर अशा अनेक अंगांनी मोजलेले दारिद्र्य, अवघे ०.८४ टक्के आहे. आकडा इतका लहान असल्यामुळे "आपल्याकडे गरीब राहिलेत कुठे?" असे सहज म्हटले जाते आणि शंभर घरांच्या वाड्यावर, म्हणजे गावातील वस्तीवर, उरलेले एखादे घर कोणाच्याच हिशेबात येत नाही. ते घर शोधण्याची आणि त्याच्यासाठी काय करावे हे ठरवण्याची पद्धत येथे देत आहे. ग्रामवाचनालय, महिला मंडळ किंवा स्वयंसाहाय्य गटातील पाच-सहा जणांना ती दोन-तीन महिन्यांत पार पाडता येईल.

कामाला लागण्यापूर्वी मोजमाप समजून घ्यावे. जागतिक बँकेची आत्यंतिक दारिद्र्याची रेषा १९९० मध्ये माणशी दिवसाला एक डॉलर होती. ती १.२५, १.९० आणि २.१५ अशी सरकत जून २०२५ मध्ये ३ डॉलरवर आली. हा डॉलर विनिमय दराचा नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल येतो तेवढाच आपल्याकडे घेण्यास किती रुपये लागतात, यावर तो हिशेब बसवलेला असतो. म्हणून भारतात ३ डॉलर म्हणजे २०२१ च्या भावांनी साधारण साठ रुपये. शिवाय भारतात हा हिशेब मिळकतीचा नसून घरात प्रत्यक्ष खाल्ल्या-वापरल्याचा असतो, त्यामुळे घरच्या शेतातले भातही त्यात धरले जाते. या रेषेनुसार देशातील प्रमाण २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आले. इतके समजले की पुरे. दारोदार जाऊन "रोज किती खर्च करता?" असे मात्र विचारू नये. हातावर पोट असलेल्या माणसाला त्याचे नेमके उत्तर देता येत नाही, आणि त्या प्रश्नाने त्याचा मान दुखावतो.

त्याऐवजी बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेची रीत उचलावी. लहान कर्जे अगदी तळाच्या कुटुंबांपर्यंत पोहोचत नाहीत, हे ओळखून या संस्थेने २००२ मध्ये केवळ त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला आणि ही कुटुंबे कोणती, हे गावकऱ्यांनाच विचारले. एका रविवारी संध्याकाळी शाळेच्या पडवीत किंवा पंचायतीच्या सभागृहात बसावे. देवळाचा सभामंडप सोयीचा असला तरी सगळे तिथे मोकळेपणाने येतातच असे नाही. वाड्याचा नकाशा खडूने जमिनीवर काढून त्यात एकेक घर मांडावे, दर घरासाठी एक चिठ्ठी करावी आणि कोणाचे कसे चालले आहे यावर बोलत चिठ्ठ्यांच्या चार-पाच राशी कराव्यात. हीच बैठक केवळ स्त्रियांसोबत पुन्हा घ्यावी, कारण कोणाच्या घरी दिवसातून एकदाच चूल पेटते हे त्यांनाच आधी कळते. घरे मोजताना मतदारयादी हाती घेऊ नये. ज्याचे नाव कुठेच नाही त्याच्याचसाठी तर हा खटाटोप आहे. भाड्याच्या खोलीत राहणारे बांधकाम मजूर, डोंगरावरची धनगरांची एकटी-दुकटी घरे आणि एकटी राहणारी म्हातारी माणसे बैठकीत हमखास विसरली जातात, म्हणून त्यांचा विषय स्वतः काढावा.

तळाच्या राशीतील प्रत्येक घरी दोघांनी जावे, त्यांतील एक स्त्री असावी. काय पाहावे यासाठी बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाचा आधार घ्यावा. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक २०१० पासून तो काढतात. त्यात पोषण, बालमृत्यू, शिक्षणाची वर्षे, शाळेतील हजेरी, इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर आणि मालमत्ता असे दहा निकष आहेत. नीती आयोगाने मातांचे आरोग्य आणि बँक खाते हे दोन जोडले आहेत. निम्म्याहून अधिक उत्तरे नुसत्या पाहण्यातून आणि गप्पांतून मिळतात. आजारपणासाठी कर्ज काढले का, हा प्रश्न मात्र माझ्या मते आवर्जून विचारावा, कारण ज्या घराला आजाराने एकदा खाली खेचले ते कागदावर ठीक दिसूनही आत पोकळ झालेले असते.

गोव्यात बहुतेक अडचणींची गाठ घराखालच्या जमिनीशी येऊन पडते. भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला, म्हणजेच मुंडकाराला, १९७५ च्या मुंडकार कायद्याने संरक्षण दिले आहे, पण मामलेदार कार्यालयात नोंदच झालेली नसेल तर घराची डागडुजी अडते, घर क्रमांक नसेल तर विजेची आणि नळाची जोडणी अडते, आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून योजनांचे अर्जही परत येतात. म्हणून भेटीच्या वहीत घर कोणाच्या जमिनीत आहे, नोंद आहे का, घर क्रमांक आहे का, हे पहिल्याच पानावर लिहावे.

यानंतर प्रत्येक घराची वेगळी योजना करावी. केरळने २०२१ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेत स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत ६४,००६ कुटुंबे शोधून प्रत्येकासाठी स्वतंत्र आराखडा आखला आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचे जाहीर केले. या दाव्यावर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत, तरी घरागणिक आराखडा ही त्यातील घेण्याजोगी गोष्ट आहे. एका घराला मामलेदार कार्यालयात सोबत कोणीतरी हवे असते, तर दुसऱ्याला औषधे. वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, गृहिणींसाठी गृह आधार आणि सर्वांत गरीब कुटुंबांना महिन्याला ३५ किलो धान्य देणारी अंत्योदय शिधापत्रिका, यांपैकी काय मिळते आणि काय का मिळत नाही हे लिहून काढावे. परराज्यातील मजुराला त्याच्या गावच्या शिधापत्रिकेवर येथील रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. अनेकांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

उपजीविकेच्या बाबतीत घाई करू नये. ब्रॅकच्या धर्तीवरील कार्यक्रम इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तपासून पाहिला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जनावरासारखे उत्पादक साधन, काही महिने खाण्यापुरता आधार, प्रशिक्षण, बचत आणि नियमित घरभेटी हे सारे एकत्र दिल्यावर कुटुंबांचा खाण्यापिण्याचा स्तर सुधारला आणि मदत संपल्यानंतर वर्षभरानेही टिकून होता. होंडुरासमध्ये मात्र बऱ्याच कुटुंबांनी निवडलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि तेथील फायदा टिकला नाही. म्हणून शेळ्या, कोंबड्या किंवा शिवणयंत्र सरसकट वाटण्याऐवजी त्या घरातील बाईला काय जमते, माल कोण घेणार आणि जनावर आजारी पडल्यास डॉक्टर किती दूर आहे, हे तिच्यासोबत बसून ठरवावे. घरभेटी थांबवून नुसती वस्तू देऊ नये.

यादी तयार झाली की ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडावा. १७ ऑक्टोबर हा जागतिक दारिद्र्य निर्मूलन दिन त्याच महिन्यात येतो. सभेत नावे वाचू नयेत. "चार घरांना घर क्रमांक नाही, तीन घरांची शिधापत्रिका चुकीच्या गटात आहे" अशा शब्दांत मागणी ठेवावी, ठरावाची नोंद कार्यवृत्तात करून घ्यावी आणि नावे असलेली वही कुटुंबाच्या संमतीनेच पंच, तलाठी किंवा गटविकास कार्यालयाला दाखवावी.

अर्ज मंजूर झाला म्हणून कुटुंबाचे नाव लगेच यादीतून काढू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बांधकामे मंदावतात आणि पर्यटनावरची रोजंदारी आटते. त्या पावसाळ्यात पुन्हा भेट द्यावी, डब्यात तांदूळ आहे का आणि दुकानातली उधारी किती झाली हे पाहावे, आणि एक संपूर्ण पावसाळा नवे कर्ज न काढता निघाला असेल तरच त्या नावापुढे खूण करावी.