युटिलिटी क्वाड की स्पोर्ट? गटाबरोबर ट्रेलवर निघण्याआधीची तयारी

क्वाड म्हणजे कच्च्या वाटांसाठीची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. युटिलिटी क्वाड सामान वाहणारी, कामाची; स्पोर्ट क्वाड हलकी, वेगासाठीची. यातली कुठली न्यायची हे ठरवताना सगळ्यात आधी गाड्यांची माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि गटाची माहिती लिहून काढा. बरोबर कोण येणार, त्यांच्याकडे कुठल्या क्वाड आहेत, फेरी दोन-तीन तासांची की दिवसभराची, मध्ये मुक्काम आहे का, आणि वाटेतला सगळ्यात वाईट टप्पा कोणता. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. एकटे असलात तर अवघड जागा आली की मागे वळता येतं. गटात मात्र सगळे चढून वर गेलेले असतात आणि एकच गाडी खाली अडकलेली असते. मग सगळ्यांचा दिवस त्या एका गाडीपायी जातो. म्हणून गाडी निवडताना वाटेतल्या सगळ्यात अवघड अर्ध्या किलोमीटरकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे. मजेचे पट्टे कुठल्याही क्वाडवर मजेचेच असतात.

‘किती सीसी?’ हा प्रश्न यादीतून खोडला तरी चालेल. यामाहाच्या रॅप्टर ७०० आणि ग्रिझली ७०० या दोन्ही गाड्यांचं इंजिन ६८६ सीसीचं आहे. पण स्पोर्ट प्रकारातली रॅप्टर तेल-पेट्रोल भरून साधारण १९० किलोची, तर युटिलिटी प्रकारातली ग्रिझली ३०० किलोच्या आसपास. रॅप्टरखाली जमिनीपासून जेमतेम ११ सेंटिमीटर जागा, ग्रिझलीखाली जवळपास २८. रॅप्टरची ताकद चेनमार्फत फक्त मागच्या चाकांना मिळते, क्लच हाताने दाबायचा आणि गिअर पायाने टाकायचे. ग्रिझलीत बेल्टवर चालणारा स्वयंचलित गिअर, हवं तेव्हा चारही चाकांना ताकद आणि खड्या चढ-उतारासाठी लो रेंज, म्हणजे सावकाश पण जास्त जोराने ओढणारा गिअर. एकाच मापाच्या इंजिनाभोवती अगदी वेगळ्या कामाच्या दोन गाड्या उभ्या आहेत.

आता वाट आणि गाडी यांची जोडी जुळवा. दगडगोटे, उघडी मुळं, चिखल आणि खोल चाकोऱ्या असतील तर युटिलिटी घ्या. चाकोरीत स्पोर्टचा मागचा अ‍ॅक्सल, त्यावरचं चेनचं दातेरी चक्र आणि ब्रेकची डिस्क हेच आधी जमिनीला लागतं. तरीही अशा वाटेवर स्पोर्ट न्यायचीच असेल तर मागच्या बाजूखाली जाड संरक्षक पत्रा बसवल्याशिवाय निघू नका. वाळू, घट्ट मातीचे रस्ते आणि सलग वळणं असतील तर मात्र स्पोर्टला तोड नाही. ती बुटकी आणि रुंद असते, सस्पेन्शनला वरखाली व्हायला जास्त वाव असतो, आणि अंगाचा भार इकडून तिकडे टाकला की लगेच वळते. तो भार टाकावाच लागतो, कारण तिच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच ताठ अ‍ॅक्सल असतो आणि ती एकाच गतीने फिरतात. वळणात शरीर आत झुकवलं नाही तर गाडी सरळ ढकलत राहते. उंच, जड युटिलिटीची काळजी दुसरीकडे घ्यावी लागते: आडव्या उतारावरून जाताना, विशेषतः रॅकवर सामान असताना, ती कलंडू शकते.

वेगाचा हिशोब प्रामाणिकपणे करा. गटाची चाल सगळ्यात सावकाश माणसाची असते. तासन्‌तास रखडत चाललेल्या रांगेत स्पोर्ट चालवणाऱ्याचा डावा हात क्लच दाबून दाबून भरून येतो आणि वारा न मिळाल्यामुळे इंजिन तापतं. गटात नवखे चालक बरेच असतील तर स्वयंचलित गिअरचा आराम फार मोठा असतो. पहिलीच क्वाड घ्यायची आहे आणि ती मुख्यतः गटातच चालवायची आहे, अशा माणसाला मी मध्यम आकाराची युटिलिटीच सुचवेन.

पेट्रोलचा हिशोब सगळ्यात लहान टाकीवर बांधा. स्पोर्टची टाकी साधारण १० ते ११ लिटरची, मोठ्या युटिलिटीची १८-२० लिटरपर्यंत. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी, उरलेलं राखीव, हा नियम लहान टाकीला लावून कुठून परतायचं ते आधीच ठरवा. जास्तीचं पेट्रोल पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये भरून युटिलिटीच्या रॅकवर घट्ट बांधा.

सामानाची वाटणी आदल्या दिवशीच करा. प्रथमोपचार पेटी, हवेचा पंप, मोठी हत्यारं, ओढायचा पट्टा हे रॅक असलेल्या गाडीवर. रॅकची मर्यादा त्यावर लिहिलेली असते, पण गाडीची एकूण मर्यादा चालकाचं वजन धरून असते, हे अनेक जण विसरतात. जड वस्तू खाली आणि मध्याकडे ठेवा; पुढच्या रॅकवर फार भार टाकला तर हँडल जड होतं. स्पोर्टवाल्याने पाठीवर पाणी, पंक्चरचं प्लग किट, एक स्पार्क प्लग आणि आपल्याच मापाची चेनची जोडकडी ठेवावी. या शेवटच्या दोन वस्तू दुसऱ्याच्या गाडीतून मिळण्याची आशा धरू नये.

विंच, म्हणजे दोर गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, किमान एका गाडीला असावी, आणि झाडाला बांधायचा रुंद पट्टा तिच्यासोबत. नुसती दोरी झाडाला गुंडाळली तर साल सोलली जाते आणि दोरीही खराब होते. इथे एक गोष्ट स्पोर्टच्या बाजूने सांगायला हवी. ती रुतली तर दोन माणसं मागची बाजू उचलून चाकोरीबाहेर ठेवू शकतात. ३०० किलोची युटिलिटी पोटावर बसली की विंचशिवाय किंवा दुसऱ्या गाडीने ओढल्याशिवाय हलत नाही.

मिश्र गट असेल तर रांगेचा क्रम ठरवून घ्या. पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात शेवटी विंच असलेली युटिलिटी आणि तिच्यावर अनुभवी माणूस. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. खडा चढ एकेकाने चढायचा. वरचा बाजूला झाल्याशिवाय खालच्याने सुरुवात करायची नाही. धूळ असेल तर अंतर वाढवा, तिथे हट्ट नको.

हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, यात गाडीप्रमाणे काही फरक पडत नाही. मागे कुणाला बसवायचं असेल तर दोघांसाठी बनवलेलंच मॉडेल हवं. लांब सीट बघून फसू नका, ती चालकाला पुढे-मागे सरकता यावं म्हणून असते. सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांची क्वाड देऊ नये. वाटेवर रुंदीची मर्यादा आहे का, सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी लागते का, हेही आधी विचारून घ्या.

सकाळी टायरमधली हवा थंड असतानाच मोजा. क्वाडच्या टायरमध्ये साधारण ४ ते ७ पीएसआयच हवा असते, त्यामुळे मोटारीचा गेज इथे उपयोगाचा नाही. कमी दाबाचा वेगळा घ्या. चेनचा ताण बघा, बेल्टच्या घरात पाणी राहिलं असेल तर ते काढून टाका, इंजिन बंद करायचं बटण दाबून खात्री करा. मग मोकळ्या जागेत एकमेकांच्या गाड्या थोड्या थोड्या चालवा. वाटेत कुणाचा हात दुखावला तर त्याची गाडी दुसऱ्या कुणालातरी परत आणावी लागते, आणि आयुष्यभर स्वयंचलित चालवलेल्या माणसाला चढावर पहिल्यांदा क्लच शिकवणं अवघड जातं. रिव्हर्स कसा पडतो तेही तेव्हाच विचारून घ्या, प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते.